फक्त आपल्या लॅपटॉपवर

(कारंजा घाडगे. रूपराव आणि त्यांची लेक गुंजन. समोर घरातला जुना लॅपटॉप, त्यावर लग्न जुळवायची वेबसाइट.)

रूपराव : अजून गोल गोल फिरूनच राह्यलं. सकाळपासून एक स्थळ उघडलं नाई.

गुंजन : छत्तीस टॅब उघडे ठेवले बाबा तुम्ही. फिरन नाई तं काय?

रूपराव : बंद केले तं पुन्हा सापडत नाई ना मले.

गुंजन : बुकमार्क करून देते. अन् हे कूपनवालं एक्स्टेंशन कोणी टाकलं?

रूपराव : आपोआप आलं. शेजारचे बबनराव म्हणे, रोज आत साठलेलं सारं पुसून टाकत जा, फास्ट चालते.

गुंजन : रोज पुसलं तं तेच सारं नेटवरून पुन्हा उतरवा लागते. राहू द्या. मी सेटिंगमध्ये जाऊन फोटोच बंद करते. लिहिलेलं तरी लवकर येईन.

रूपराव : आलं की. शिक्षण, नोकरी, गाव... चेहरा तेवढा नाई.

गुंजन : वाचा मंग आता.

रूपराव : गुंजन, त्याइच्या इकडंही बंद झाले का फोटो?

गुंजन : कोणाच्या?

रूपराव : पोराच्या घरच्याइच्या.

गुंजन : नाई. हे फक्त आपल्या लॅपटॉपवर. त्याइले माहा फोटो दिसते.

रूपराव : हं.

गुंजन : बारावीतला दिसते. टॅब बंद करताना पाह्यला मी. उजव्या गालावर कोड यायच्या आधीचा.

रूपराव : पह्यले आताचाच टाकलता. चार महिने एक फोन नाई आला. मंग बदलला.

गुंजन : म्हणून हिंगणघाटवाले अर्धा चहा ठेवून उठले. त्या बाई माह्याकडं पाहत, मंग तुमच्याकडं. मले वाटलं, साखर जास्त झाली.

रूपराव : मले वाटे, एकदा घरी आले, तुह्याशी बोलले, की बाकीचं विसरतीन.

गुंजन : बोललंच नाई ना कोणी.

रूपराव : राग आला का माहा?

गुंजन : आला. तुम्ही मले विचारलं नाई, त्याचा आला.

रूपराव : मंग काय करू? काढून टाकू तो?

गुंजन : काढा. अन् मोबाईल घ्या. खिडकीपाशी उजेड हाय, आताच दुसरा घेऊ.

रूपराव : बस मंग. डावीकडून घेतो, नेहमीसारखा.

गुंजन : समोरून घ्या, बाबा.