बिनउधारीचा माणूस

मूळ आमी धावड्याचे. काय सांगू तुमाला भाऊ, माझा बा मालकाच्या शेतात सालानं राबायचा, अन ते बी उधारीपायीच. दुकानातून ज्वारी उधार आणायची, मालकानं ती उधारी चुकती करायची, की बा पुढच्या सालाला बांधला. आमी बौद्ध झालो तवा बानं मायला सांगितलं, आजपासून उधारी बंद, मीठ न्हाई तर अळणी खाऊ. अन खाल्लं बी अळणी, खोटं न्हाई सांगत.

मी बाचाच लेक. बदनापुरात टेलरचं दुकान टाकलं ते मशीन रोखीनं घेऊन, सुताचं रीळसुद्धा रोखीनं. पण राहायचं भाड्यानं, अन दुसरी खोली बघाय गेलं की लोक आधी आडनाव इचारायचे, मंग म्हणायचे खोली आत्ताच दिली. बायको म्हणली, किती दिवस बिऱ्हाड डोक्यावर घेऊन फिरायचं, आपलं घर पायजे. पै पै जमवून जागा घेतली, पण बांधायला पैसा कुठून आणावा, म्हणून जागा गहाण ठेवून बँकेचं कर्ज काढायला जालन्याला गेल्तो.

साहेब म्हणले, बाजारात चौकशी करू. मी बिलकुल बेफिकीर, माझ्यासारखा चोख माणूस कोण हाय? बँकेच्या माणसानं किराणावाल्या शेठजीला इचारलं, तर शेठजी म्हणले, माणूस भला हाय, पण कवा उधार नेलंच न्हाई, फेडतो का बुडवतो मला काय ठाव. झालं, कर्ज नामंजूर. आता सांगा भाऊ, उधारी केली न्हाई म्हणून पत न्हाई! लई डोकं फिरलं माझं.

मंग शेठजीच म्हणले, उधार नेत जा, महिन्याला बराबर देत जा. साखरेचा पुडा घेतला अन घरी आलो, पण जीव थाऱ्यावर न्हाई, चहा गोड लागंना. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी पैसे घेऊन दारात उभा. शेठजी खवळले, अरे बाबा, लोक मागून देत न्हाईत अन तू मागू बी देत न्हाईस, महिना तरी भरू दे! असं करत करत लागली सवय, बँकेचा माणूस पुन्हा आल्ता तवा शेठजीनं चांगलं सांगितलं, कर्ज मिळालं, घर झालं.

बाला आणलं दाखवायला. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, लई खूश झाले. अन माझ्यानं राहावलं न्हाई, सांगून टाकलं की कर्ज काढून बांधलं. बा तिथंच पायरीवर बसले. आत आलेच न्हाईत.

आता बी येत्यात, नातवंडांना खाऊ आणत्यात, पण जेवण ओसरीवर, झोपणं ओसरीवर. बायको म्हणली, मामा, घरावर का राग धरला? तर म्हणले, राग न्हाई पोरी, मला भ्या वाटतं, आत झोपलो अन उठवायला कुणी आलं तर?

तवापास्नं माझा पाय मशीनवरून हलत न्हाई, शिवूनच राह्यलो. हप्ता तारखेच्या आधी नेतो, तिथला क्लार्क हसतो. हसू दे. बा थकलेत, काठी घेऊन पायरी चढत्यात अन ओसरीवर बसून मला इचारत्यात, किती राह्यले रं? मी सांगतो. ते मान हलवत्यात.

बाकी कायबी मागणं न्हाई भाऊ. कर्ज आधी संपावं, बा न्हाई.