जांभळं होतं तेच बरं

(रंगकारखान्याचं सांडपाणी केंद्र. खिडकीखाली दोन हौद : एक दिव्यांचा, एक जिवाणूंचा.)

सासरे : ...अहो, पाणी इतकं नितळ, की तळाशी माझी हरवलेली चप्पल दिसली! आमच्या पोराच्या लग्नापर्यंत ओढा जांभळा वाहत होता. जावईबापू, गल्लीत मान ताठ केलीत माझी.

जावई : बाबा, आधी बसा ना.

सासरे : बसायला नाही, मिरवायला आलोय. हेच का ते नवे दिवे?

जावई : हो. त्यांच्या उजेडात पांढरी भुकटी रंगाचे तुकडे पाडते. रंग जातो, विष तुकड्यांत राहतं. ते खायला पलीकडचे जिवाणू.

सासरे : मग खाताहेत ना पोटभर?

जावई : मेले.

सासरे : कोण?

जावई : जिवाणू. दिव्यांच्या हौदात भुकटीच्या जोडीला एक जहाल औषधही असतं. ते विरेपर्यंत पाणी थांबवायचं. पहिल्याच दिवशी मी न थांबता पलीकडे सोडलं. भाजून निघाले बिचारे.

सासरे : एवढी कसली घाई?

जावई : मेव्हण्याच्या लग्नाची.

सासरे : म्हणजे... मी फोनवर फोन करत होतो, तेव्हा?

जावई : जावयाशिवाय फोटो निघत नाही म्हणालात.

सासरे : आणि फोटोत तुमचे डोळे मिटलेले! एवढ्यासाठी लाखो जीव घेतले आपण.

जावई : तुम्ही नाही. झडप मी फिरवली. परतल्यावर कळलं, तरी पाणी ओढ्यात जाऊ दिलं. नितळ दिसत होतं, कुणी विचारेना. जांभळं होतं तेव्हा निदान कुणी हात तरी लावत नव्हतं.

सासरे : आता?

जावई : आज सकाळी बंद केलं. गल्लीत सांगायला निघालोच होतो.

सासरे : कधीपासून निघताय?

जावई : सोमवारपासून.

सासरे : हं. मीही काही कमी नाही. उठा. आधी शेजारच्या मावशींकडे.

जावई : त्या तर ओढ्याला शिवतही नाहीत!

सासरे : शिवत नव्हत्या. काल भाजीच्या वाफ्यांत पाणी घेतलं.

जावई : पाणी चांगलं कशावरून, असं विचारलं नाही त्यांनी?

सासरे : विचारलं की. मी म्हटलं, माझा जावई आहे तिथं.