वाढायचां नि थांबायचां

माजा जन्म लांज्याकडच्या एका खेड्यातला. बाबा आंब्याची कलमां बांधायचे, त्यांच्या शेजारी बसून मी शिकले. लग्न होऊन भाट्याकडे आले तरी हातातला चाकू सुटला नाय, नर्सरीत पावसाळाभर कलमांच बांधते. रोपाचा शेंडा छाटायचा, मधी चीर द्यायची, हापूसची काडी तासून आत बसवायची नि वर प्लास्टिकची पट्टी. पुढचां काम आपलां नाय. दोन्हीकडच्या जखमेतनां नवी वाढ सुटते, एकमेकांत मिसळते, सांधा जमतो. इतकी वर्षां बांधते, पण काडीला कोंब दिसला की अजून अंगावर काटा येतो, काय सांगू तुम्हाला.

तर मला मूल नव्हतां, नि पाळी आली की थांबायची नाय, कामावर उभां राहवत नव्हतां. डॉक्टरबाईंनी गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवलानी. मग जवळ बसवून त्याचा फोटो दाखवलानी. गुलाबी गुलाबी, नुसती दाटी, तरव्यात भात दाट पेरल्यासारखी. म्हणाल्या, या पेशी तुझ्याच आहेत, वाईट झालेल्या नाहीत, पण नको इतक्या वाढल्यात, अशाच वाढत राहिल्या तर पुढे कॅन्सरचं भय. मी बगतच राहिले. जां व्हावां म्हणून मी कलमाला पट्टी बांधते तांच माज्या पोटात झालेलां, फक्त थांबायचां विसरलेलां.

सासूबाई म्हणाल्या, पिशवी काढून टाक बाय, माणूस राहिलां पायजे. माज्यावर जीव त्यांचा, राग नाय आला. पण रडू फुटलां, पिशवी गेली तर मूल कुठनां येणार? डॉक्टरबाईंना म्हटलां, दुसरा उपाय नाय? त्या म्हणाल्या, आहे, गोळ्या घे, पण पुन्हा तुकडा तपासायचा, तेव्हा वाईट दिसलं तर हट्ट करायचा नाही. कबूल झाले. महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या, नि दुसरा तुकडा स्वच्छ आला. एवढ्याशा गोळीनी ती सगळी वाढ आवरलान, मला खरांच वाटेना.

मग गोळ्या बंद झाल्या, नि आता बगा, पाचवा महिना लागलाय. परवा डॉक्टरबाईंनी मशीनवर पोर दाखवलानी, म्हणाल्या, हे सगळं एका पेशीचं झालंय, वाढत वाढत. एकीचां? मी पुन्यांदा विचारलां. मग बोट कुठे संपवायचां तां त्या पेशींना कोण सांगतां? त्या हसल्या, म्हणाल्या, ते सगळं मलाही कुठे ठाऊक आहे.

आता कलम बांधून झालां की पोटावर हात ठेवते नि आतल्या पेशींना म्हणते, वाढा गो बायांनो, भरपूर वाढा, नि वेळेला थांबा.