चकतीवरच्या खाचा

डोळ्यांच्या दवाखान्यात एका म्हातारीला आत नेलं होतं. बाहेर बाकावर माझ्या शेजारी तिची दोन मुलं बसली होती, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. भावाच्या मांडीवर जुना काळा टेलिफोन होता, बोट घालून चकती फिरवायचा. बंद पडला होता, तो त्यानं हौसेनं दुरुस्त केला होता.

"बघ ताई, कसा चकाकतोय! घंटीसुद्धा खणखणीत वाजते आता. आई बाहेर आली की हातातच देतो."

"चकतीवरच्या खाचा कुठं गेल्या?"

"काढल्या की! पॉलिश पेपरनं घासून घासून. कुणी मेल्यानं खरवडून ठेवलेलं."

"आईनं. दाभणानं."

"आईनं? कशाला?"

"नजर जायला लागली तेव्हा. माझ्या नंबरातल्या आकड्यांपाशी. बोटानं चाचपून मला फोन लावायची."

"मला सांगायचं, मी लावून दिला असता."

"आणि शेजारी उभा राहिला असतास. मग ती बोलणार काय, कपाळ? तुझ्या घरात रडायची चोरी आहे तिला."

"माझ्या घरात तिला काय कमी आहे गं?"

"हेच. हे असंच विचारतोस तू."

नर्सनं त्यांच्या आईला धरून बाहेर आणलं, बाकावर बसवलं. मुलानं टेलिफोन तिच्या मांडीवर ठेवला. तिनं चकतीवरून बोटं फिरवली. मग पुन्हा एकदा, सावकाश.

"कुणाचा रे हा?"

"आपलाच की, आई."

"नाही बाळा. ज्याचा असेल त्याला देऊन टाक."