सिंकखाली दोन टेकू

— पाण्याचा कॉक बंद केलास ना? नक्की?
— छोटू दुपारी येतो म्हणाला की अकरालाच दारात उभा असतो.
— तुझी जुनी साडी दे. नको, ती निळी नको.
— आज भांडी बाथरूममध्ये.
— बाबा ट्रकवरचा माल कसा आवळायचे, आठवतंय तुला?
— हात लावू नकोस, अंगावर येईल.

धाकटी : ताई, शब्दकोश सिंकखाली कोणी ठेवला?

ताई : शब्दकोश?

धाकटी : कचऱ्याच्या डब्यामागे. खाली तुझा बसायचा पाट, त्यावर शब्दकोश, त्यावर उपडं पातेलं. आणि त्या पातेल्यावर सिंकचं बूड टेकवलंय.

ताई : म्हणजे पातेलं तिथे आहे तर.

धाकटी : मी घरभर शोधत होते. तू म्हणालीस, शेजारणीने नेलं असेल.

ताई : असेल म्हणाले. नेलं म्हणाले नव्हते.

धाकटी : तू ठेवलंस ना?

ताई : आणि त्या उजव्या दाराआड जो लाकडी ठोकळा उभा आहे, तो काय उंदरांनी आणून लावला?

धाकटी : तो मी लावला.

ताई : मला न सांगता.

धाकटी : ओट्याच्या दगडात आणि सिंकच्या काठात फट दिसायला लागली. म्हटलं, ताईला सांगितलं की ती घाबरून छोटूला फोन करणार. तू का नाही सांगितलंस?

ताई : तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी तू आत शिरली असतीस. या वयात.

धाकटी : आता कुठे आहे मी?

ताई : पाय दिसतायत फक्त.

धाकटी : माझा ठोकळा बोटभर उंच, तुझं पातेलं बोटभर खाली. बिचारं सिंक तिरकं उभं राहिलं. जे काही थोडंफार चिकटून होतं तेही सुटलं. दोघींनी मिळून पाडलं त्याला.

ताई : बऱ्याच वर्षांत दोघींनी मिळून केलेलं हे पहिलंच काम.

धाकटी : ओट्याला टेकून हसू नकोस, मला आत धक्का लागतो. आणि बसवणारा तरी काय शहाणा. खालून धरायला एक क्लिप लावलेली नाही. नुसता सिलिकॉन फासून दगडाला चिकटवून गेलाय.

ताई : प्लंबर काय म्हणाला?

धाकटी : पुढच्या आठवड्यात. आणि तुझा छोटू येतोय उद्या. येईल, बूट काढेल, हात धुवायला सरळ इथे. सिंक लोंबकळताना दिसलं की झालंच. "आई, तुम्हाला दोघींना आता झेपत नाही." हे म्हणायला तो कधीचा टपून बसलाय. संध्याकाळपर्यंत तू त्याच्या गाडीत.

ताई : तुलाही ये म्हणतो तो.

धाकटी : "मावशीलाही आणू, एक पलंग मावेल." ऐकलंय मी. पलंग मावेल. मी नाही मावणार. माझं हेच घर आहे, ताई. तुझी दोन आहेत. आता बादली सरकव आत. उपडी करून. हं. सिंक उतरवते तिच्यावर. उतरलं. सुरी दे.

ताई : भाजीची?

धाकटी : जुनी, लाल मुठीची. सगळा जुना सिलिकॉन खरवडायचा. जुन्यावर नवा लावला तर धरत नाही.

ताई : हे कोणी सांगितलं?

धाकटी : दुकानदाराने. त्याने आधी विचारलं, घरात पुरुष माणूस नाही का? मी म्हटलं, होता, पण त्यालाही येत नव्हतं.

ताई : कोण होता?

धाकटी : कोणी नव्हता गं. दुकानात काहीतरी बोलावं लागतं.

ताई : धाकटे, डोळ्यांत जाईल ते. चष्मा लाव.

धाकटी : चष्मा लावला की जवळचं दिसत नाही. आता स्पिरिट. तो बोळा भिजवून दे. दगडाची खालची बाजू पूस म्हणाला, मग सिंकचा काठ. पाण्याचा थेंब राहता कामा नये.

ताई : बाबांसारखी बोलतेस. "गाठीत ओल राहता कामा नये."

धाकटी : बाबांचं तू मला सांगू नकोस. तू लग्न करून गेलीस. त्यांच्या ट्रकवर दोऱ्या आवळायला मी जात होते. त्यांना अर्धांगवायू झाल्यावर कूस बदलायलाही मीच होते.

ताई : माहीत आहे.

धाकटी : माहीत असणं वेगळं.

ताई : हो. वेगळं.

धाकटी : दे ती सिलिकॉनची नळी. काठावर एक सलग रेघ काढते. तुटली की पाणी त्याच जागेतून झिरपणार. बोलू नकोस माझ्याशी.

ताई : नाही बोलत.

धाकटी : श्वासही जरा हळू घे.

ताई : काढली का?

धाकटी : काढली. आता ऐक. फळी ओट्यावर आडवी, सिंकच्या बरोबर मधोमध. दगडावर ओरखडे नकोत, साडीची घडी घाल खाली. दोरी फळीवरून घेऊन जाळी काढलेल्या भोकातून खाली सोड, दोन्ही टोकं. मी इकडून ती भोकाखाली आडव्या धरलेल्या दांडक्याला बांधते. आली. बांधली. आता वरच्या दोऱ्यांच्या मधे लाटणं घाल आणि पीळ दे.

ताई : कुठल्या बाजूने?

धाकटी : कुठल्याही. एकदा धरलेली बाजू बदलायची नाही, इतकंच. मी खालून खांदा लावते. दे.

ताई : उचललं जातंय.

धाकटी : दे अजून. हळू. टेकलं दगडाला. अजून एक पीळ. दोरी कुरकुरली की थांब.

ताई : कुरकुरली.

धाकटी : थांब. सोडू नकोस, सोडलंस तर सगळं माझ्या डोक्यावर. मी काठ बघते चारी बाजूंनी. सिलिकॉन बाहेर आलाय सगळीकडून. छान. बघ, झेपतं की नाही आपल्याला? येऊ दे उद्या त्याला.

ताई : धाकटे, छोटू आपणहून येत नाहीये. मी बोलावलंय.

(दोरी कुरकुरते.)

धाकटी : कधी?

ताई : तो शब्दकोश ठेवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

धाकटी : चार दिवस राहायला बोलावलंस?

ताई : न्यायला.

धाकटी : लाटणं धरलंयस ना?

ताई : धरलंय.

धाकटी : मग सकाळपासून माझ्याबरोबर हे सगळं कशाला करत बसलीस? मी इथे गुडघे मोडून आत पडलेय, त्याने नेऊ नये म्हणून.

ताई : तुला सिंक लागेल ना. मी गेल्यावर बाथरूममध्ये बसून भांडी घासणार का तू?

धाकटी : मी काही बोलले का?

ताई : तू रोजच बोलतेस. त्याने कोणी जात नाही.

धाकटी : परवा त्या दुधावरून बोलले. ते मनात धरलंस.

ताई : कुठलं दूध? नाही गं.

धाकटी : मग का?

ताई : हात भरून आलाय माझा. आधी हे बांध.

धाकटी : बाहेर येते. पाय ओढ जरा. ओढ म्हणजे तोड नव्हे. हं. लाटण्याचं टोक फळीला बांधते, मग सोड. थांब. आता सोड.

ताई : सोडलं.

धाकटी : राहिलं.

ताई : बाबांची गाठ.

धाकटी : माझी गाठ. बाहेर आलेला सिलिकॉन बोटाने पुसून घे, बोट साबणाच्या पाण्यात बुडवून. आणि उद्यापर्यंत कोणी इथे हात लावायचा नाही.

— पुरे झालं पुसून.
— कोपऱ्यात राहिलंय थोडं.
— राहू दे. जेवून घे.
— तू?
— मला भूक नाही.

छोटू : मावशी, हे काय? ओट्यावर फळी, फळीला लाटणं. कोणाला कैद केलंय?

धाकटी : आलास? अजून बारा वाजले नाहीत. मागे हो. ताई, कात्री.

छोटू : आई, हे काय चाललंय?

ताई : सिंक सुटलं होतं. काल बसवलं.

छोटू : कोणी?

ताई : मावशीने. मी पीळ दिला.

धाकटी : दोरी कापली. फळी धर रे. खालची जाळी आणि पाइप लावते. हं. आता भोकाला बूच लाव आणि कॉक उघड. भरू दे सिंक. काठापर्यंत.

छोटू : भरलं.

धाकटी : दोन्ही हात टेकव. जोर दे. लाजू नकोस, तुझं वजन माहीत आहे मला.

छोटू : हलत नाहीये. खाली थेंबही नाही. आई, खरं सांगू? मी रस्ताभर काय काय ठरवत आलो होतो. तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त झेपतंय. राहा ना इथेच. मी महिन्यातून एकदा चक्कर टाकतो.

धाकटी : ऐकलंस, ताई? तुझाच मुलगा म्हणतोय. मी एक शब्दही बोललेले नाही.

ताई : छोटू, पलंगाशेजारी माझी बॅग आहे. गाडीत नेऊन ठेव.

छोटू : आई, पण—

ताई : जड आहे. दोन्ही हातांनी उचल.

धाकटी : गेला तो बाहेर. आता सांग.

ताई : सिंक मस्त बसलंय. क्लिपा मात्र लावून घे. प्लंबरला सोडू नकोस.

धाकटी : ताई.

ताई : तू भाजी आणायला गेली होतीस, त्या दिवशी मी इथे पडले होते. सिंकला धरून उठले, तेव्हाच ते सुटायला लागलं.