माझा चेहरा आणि यांचा उजेड

...आणि वर म्हणे हनुवटी खाली! तुम्हाला सांगते, रविवारी सकाळी साडेसातपासून स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टुलावर बसलेय मी, पोटात चहाचा घोट नाही, आणि हे समोरून ओरडतायत, "हनुवटी खाली, डोळे वर, खांदा आत, आणि अगं, मोकळी बस की जरा!" मोकळी कशी बसू? वाळत घातलेल्या शर्टालासुद्धा दोन चिमट्यांचा आधार असतो, मला तोही नाही! मी म्हटलं, अहो, दाबा की ते बटण! तर एक डोळा बारीक करून खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, "जरा थांब, उजेड येतोय."

उजेड येतोय! जसा काही उजेड पुढच्या गाडीनं निघालाय आणि याच घरी उतरणार आहे!

हे म्हणजे आमचे नवरोजी. तीस वर्षं लोकांच्या दारामागे वाकून विजेच्या मीटरचे आकडे वाचले, रिटायर झाले आणि कॅमेरा आणला. वर्ष झालं. वर्षभरात काढलं काय? पाण्याच्या टाक्या. दव पडलेली शेजाऱ्याची स्कूटर. एका कबुतराची पाठ. माणूस एकही नाही! कारण टाकी उलटून बोलत नाही हो, आणि स्कूटरला कामावर जायचं नसतं!

मग मी कशाला बसले म्हणता? सांगते ना! मी धुलाईच्या कारखान्यात आहे, बावीस वर्षं. हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी येतात, त्या धुवून आल्या की माझ्या टेबलावर पडतात आणि मी डाग बघते. दिवसाला आठशे चादरी! आत शिरताना दाराशी एक भिंत आहे, तिथे वर्षाच्या उत्तम कामगाराचा फोटो लागतो, वर्षभर. बावीस वर्षं त्या भिंतीवर मी दुसऱ्यांची तोंडं बघितली. ड्रायव्हरचं बघितलं, बॉयलरवाल्याचं दोनदा बघितलं, एकदा तर मॅनेजरच्या भाच्याचं बघितलं, तो तीन महिने आला होता आणि त्यातले दोन आजारी होता! डागाच्या टेबलावरची बाई? कधीच नाही. सगळ्यांचा मिळून फोटो काढला होता एकदा, त्यात माझा कान आलाय. एक कान!

आणि या वर्षी माझं नाव लागलं! मी, चौथी पास! मॅनेजर म्हणाला, "बाई, सोमवारी दहाच्या आत फोटो द्या. मोठे साहेब येणारेत, त्यांच्या हस्ते लावायचाय. फोटो नसला तर दुसऱ्या नंबरचा लावू." दुसरा नंबर कोण? पॅकिंगवाली! तिनं तिथल्या तिथे पर्समधून पाकीट काढलं. "स्टुडिओतला आहे, ताई. असतो माझ्याकडे." असतो म्हणे! लोकांच्या पर्समध्ये रुमाल असतो, हिच्याकडे स्वतःचा फोटो असतो!

मीही स्टुडिओतच जाणार होते. पण घरी बोलले मात्र, आणि यांचा चेहरा असा काही पडला... "घरात फोटोग्राफर असताना तू बाहेर जाणार?" आता तुम्हीच सांगा. या माणसाला वर्षभरात कुणी म्हटलं नव्हतं, की माझा एक फोटो काढता का. कुणीच नाही. मी विरघळले. एवढी एकच चूक केली हो मी!

तर खिडकी. आमच्या खिडकीसमोर दोन इमारती, त्यांच्या फटीतून ऊन येतं ते वीस मिनिटं. हे म्हणाले, "नैसर्गिक उजेड बाजूनं घ्यायचा, मऊ. चेहऱ्याला खोली येते." उजेड आला, कॅमेरा वाजला, बघते तर काय... अर्धीच बाई! एक गाल लख्ख, दुसरा गाल कोळशाच्या कोठारात! मी म्हटलं, अहो, बाकीची मी कुठेय? "ती सावली आहे. तिच्यात व्यक्तिमत्त्व असतं." अहो, आधी कान आला होता, आता अर्धं तोंड आलं, या वेगानं मी पुरी कधी येणार?

मग दुपारी गच्चीवर नेलं. भर उन्हात! डोक्यावर ऊन, कपाळ तव्यासारखं आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. मुलगी शिकलेली आहे आमची, तिनं बघितलं आणि म्हणाली, "आई, तू कुणाला तरी मारून आल्यासारखी दिसतेस." म्हटलं, आले नाहीये, निघालेय! यांना काही आहे का त्याचं? हे आपले आभाळाकडे बघतायत. "तो ढग सूर्यासमोर आला ना, की बघ. जरा थांब, उजेड येतोय." ढग आला तो शेजारच्या इमारतीवर गेला! त्यालासुद्धा कळलं, या घरात अडकलो तर सुटका नाही!

संध्याकाळी फ्लॅश काढला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा असतो तो, छोट्या पेटीसारखा. समोरून मारला थेट तोंडावर! मला पाच मिनिटं सगळीकडे जांभळे ठिपके. फोटोत मी पिठात पडल्यासारखी, डोळे लाल, आणि मागे भिंतीवर माझीच काळी सावली, माझ्यापेक्षा जाड! मी उठलेच. तर हे म्हणतात, "बस, बस! आता मला कळलं. फ्लॅश सरळ मारायचाच नाही. छतावर मारायचा. छतावर आपटून उजेड खाली येतो, पसरून, मऊ."

मारला छतावर. मऊ आला की! खरंच मऊ आला! खड्डे नाहीत, सावली नाही, गाल दोन्ही जागेवर... आणि मी हिरवी! अहो, हिरवीगार! कपाळ हिरवं, नाक हिरवं, दात पोपटी! मुलगी पोट धरून जमिनीवर बसली, "आई, तुला शेवाळ आलंय!"

मी वर बघितलं. हे वर बघायला तयारच नाहीत! आमचं छत कुठल्या रंगाचं आहे, तुम्हाला सांगते. पोपटी! आणि दिलाय कुणी? यांनीच! बाल्कनीच्या दाराला आणलेला डबा उरला होता, "वाया कशाला घालवायचा, वर कोण बघतंय" म्हणून सगळ्या छताला फासला! वर कोण बघतंय? उजेड बघतो ना हो! तो वर जातो, हिरवा होतो आणि माझ्या तोंडावर येऊन बसतो!

त्यावर यांचा उपाय ऐका. "आपण काळा-पांढरा करू, म्हणजे हिरवं दिसणार नाही." मी म्हटलं, खबरदार! बावीस वर्षांनी भिंतीवर जाणार आणि रंग न घेता जाणार? मग यांनी फ्लॅश उतरवून ठेवला. कॅमेरा मांडीवर घेऊन बसून राहिले. हळूच म्हणाले, "उद्या सकाळी स्टुडिओत जा. माझ्याच्यानं माणूस होत नाही." आणि मला, काय सांगू, रागच आला! स्टुडिओ दहाला उघडतो, हे आता सांगताय?

सोमवारी सातला कामावर गेले. टेबलाशी उभी राहिले, पहिली चादर उचलली, उजेडाला धरली... आणि डोक्यात लख्खकन उजेड पडला! अगं बये, उजेड, उजेड म्हणून हा माणूस काल दिवसभर शोधत होता तो इथे आहे! आमच्या टेबलाची खिडकी भली मोठी, धुरकट काचेची, तिच्यातून ऊन कधी येत नाही, नुसता उजेड येतो, सकाळी तोच, दुपारी तोच. त्यात डाग लपत नाही आणि डोळा दुखत नाही. मऊ म्हणजे आणखी काय असतं? मी बावीस वर्षं त्यातच उभी होते!

लावला फोन. "अहो, कॅमेरा घ्या आणि या. फ्लॅशपण आणा. आंघोळ राहू द्या!"

आठच्या सुट्टीत आले, धापा टाकत. मी निळ्या एप्रनमध्ये टेबलाशी, खिडकी डाव्या हाताला. हे म्हणाले, "उजवा गाल काळा पडतोय गं." म्हटलं, पडणारच! ए पॅकिंगवाले, इकडे ये! ती डबल चादर घे, आणि माझ्या उजव्या बाजूला उभी धर. "मी?" तूच! अगं, आणखी वर! ती चादर धरून उभी, तोंड वाकडं करून, आणि उजेड खिडकीतून निघून चादरीवर आपटून माझ्या उजव्या गालावर! हे बघतच राहिले. म्हणाले, "वर थोडा फ्लॅश दिला तर डोळे चमकतील, पण..." आणि घाबरून छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, छत सोडा, चादरीवर मारा! बावीस वर्षं तपासतेय, त्या पांढऱ्यात दुसरा रंग सापडला तर नोकरी सोडीन!

यांनी फ्लॅशची मान वळवून चादरीवर मारला. फट्! एकच.

तुम्हाला सांगते... मी होते हो. सगळी. दोन्ही गाल, दोन्ही कान, हनुवटीवरचा तीळ, इस्त्रीचा मनगटावरचा जुना डाग, आणि डोळे असे, की कुणी खोटं बोलायची छाती करणार नाही! हे नुसते स्क्रीनकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "माणूस झाला."

दहाला पाच कमी असताना ऑफिसातल्या रंगीत प्रिंटरवर फोटो छापून आला, फ्रेममध्ये बसला, मोठ्या साहेबांनी लावला, टाळ्या झाल्या, मॅनेजरसुद्धा हसला!

साहेब गेले, मग आम्ही समोर उभे राहिलो आणि कळलं. ती भिंत दाराच्या बरोब्बर समोर. दार काचेचं, आणि आधीच्या फ्रेमना काच नसायची, मोठे साहेब येणार म्हणून माझ्याच फ्रेमला काच, चकचकीत. दार उघडं असलं की सगळं ऊन फ्रेमवर, आणि मी गायब! बंद असलं की बाहेरचा रस्ता दिसतो, आणि पुढ्यात उभा राहणारा माणूस दिसतो. हे डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले, खाली बसले. मी दिसत नाही म्हणजे नाहीच. मॅनेजर म्हणतो, खिळा तिथेच आहे, बाई, पंचवीस वर्षं तिथेच आहे.

आता रोज सकाळी सातला सगळ्या बायका माझ्यासमोर थांबतात. एकही घाईत नसते. मान तिरकी करतात, निरखून बघतात, आणि केस सारखे करतात. काल पॅकिंगवाली लिपस्टिक लावून झाल्यावर मला म्हणाली, "ताई, तुमचा फोटो लागला आणि इतकी सोय झाली हो!"