फुकटची निरोपपेटी
मोबाईल यायच्या आधी कोल्हापुरात माझ्याकडं फुकटची निरोपपेटी होती, खोटं वाटंल तुम्हाला. फोन नसलेल्यांसाठी एका संस्थेनं दिलेली. लोकांनी फोन करून त्यात निरोप बोलून ठेवायचा, आपण बूथवरनं आपला नंबर दाबून ऐकायचा.

एका सकाळी त्यात मुरगूडच्या चुलत्यांचा आवाज. "आबांची तब्येत बरी न्हाय. लगेच ये."

आबा म्हणजे माझे वडील. आणि आमच्यात माणूस गेल्याचं फोनवर कुणी सांगत न्हाय, 'तब्येत बरी न्हाय' एवढंच म्हणतात. समोर चुलते असते तर खोदून विचारलं असतं. यंत्राला काय विचारणार? तेही बूथवरनंच बोललेले, उलटा फोन करायचा कुठं?

बूथमध्येच रडलो. मग मुरगूडची एसटी सोडली, हार घेतला, जीप ठरवली आणि आधी उलट्या दिशेला पेठ वडगावला जाऊन बहिणीला घेतलं. लेक आल्याशिवाय मयत उचलत न्हाईत की!

दुपारी पोचलो. चुलते हाराकडं बघतच राहिले.

"आबा आत्ता तासाभरापूर्वी गेलं. सकाळपास्नं तुझीच वाट बघत हुतं. पर तुला एवढ्यात कळलं कसं?"

हार मी सकाळी नऊलाच घेतलेला.